चौथा खांदा

नॉरिस बर्केटनं त्या शनिवारी सकाळी खिडकीचा पडदा बाजूला केला, बाहेर बघितलं आणि पडदा पुन्हा ओढून घेतला. डोंगर जागेवर नव्हते. म्हणजे असणार, जाणार कुठं; पण ढग इतके खाली उतरले होते की परसातल्या दगडी गडग्यापलीकडच्या मेंढ्यासुद्धा दिसत नव्हत्या. रेडिओवर सांगत होते, पश्चिमेकडून वादळ येतंय, दुपारनंतर वारा आणखी वाढेल, माथ्यावर कोणी जाऊ नये.

"झालं तर मग," हिल्डा स्वयंपाकघरातून म्हणाली. "चहा पिऊ आणि पडून राहू."

हिल्डा त्याची धाकटी बहीण. अठ्ठावन्न वर्षांची, पण त्या हिवाळ्यात कोणीही तिलाच थोरली म्हटलं असतं. नॉरिस तिकडं दूर शहरात बस चालवायचा आणि आदल्या वसंतात निवृत्त झाला होता. आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती इथं, स्कॅलडेलच्या या घरात, आणि तिचं सगळं हिल्डानं एकटीनं केलं होतं. कुशीवर वळवणं, भरवणं, रात्री-बेरात्री उठून चादरी बदलणं. नॉरिस नाताळात यायचा, उन्हाळ्यात आठवडाभर यायचा, येताना बिस्किटांचा डबा आणायचा. नोव्हेंबरात आई गेली. दफनाच्या दिवशी रस्त्यात मालट्रक उलटला होता, त्यात तो अडकला, आणि चर्चपाशी पोचला तेव्हा काळ्या कोटातल्या चार परक्या माणसांनी पेटी खड्ड्यापर्यंत नेलीसुद्धा होती. हिल्डा त्याला त्यावरून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं बरेच दिवस वाटत राहिलं.

म्हणून तर तो नव्या वर्षात राहायला आला होता, आणि म्हणूनच त्यानं हा फिरायला जायचा हट्ट धरला होता. चार दिवस तो एकच टुमणं लावून बसला होता, की तू घराबाहेर पड, अंगाला वारा लागू दे. मूळ बेत माथ्यावरून जायचा होता. आता तो म्हणाला की वरून नको, खालून जाऊ. डोंगराच्या कडेकडेनं मढेवाटेनं मिअरथ्वेटला उतरू, तिथं गरम काहीतरी खाऊ आणि साडेचारच्या बसनं परत येऊ. पाच मैल तर आहेत.

हिल्डानं त्याच्या पायांकडं बघितलं. "बूट नवे, माणूस जुना," ती म्हणाली, आणि तिनं कोट अंगात चढवला.

मढेवाट हे नाव तिथल्या कोणालाच वावगं वाटत नाही. स्कॅलडेलला चर्च नाही; पूर्वी मेलेलं माणूस डोंगराच्या कुशीतून मिअरथ्वेटला न्यावं लागायचं, माणसांच्या खांद्यावर. गाडीरस्ता झाला आणि ते थांबलं, त्याला दोनशे वर्षं झाली. आता त्या वाटेनं मेंढ्या जातात आणि उन्हाळ्यात सुटीला आलेली माणसं जातात. वाट कुठंच फार उंच चढत नाही. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला खाली ओढा, आणि अर्ध्या वाटेच्या थोडं अलीकडं विसाव्याचा सपाट दगड, जिथं खांदेकरी ओझं टेकवून खांदा बदलायचे.

बाराच्या सुमाराला दोघं निघाली. सुरुवातीला वारा पाठीशी होता, म्हणून बरं चाललं. नेच्यांची सुकलेली तांबडी झुडपं भिजून जमिनीला चिकटली होती. ओढा दिसत नव्हता, नुसता गरजत होता. मग वाट वळली आणि पाऊस आडवा तोंडावर यायला लागला. पाऊस कसला, अर्धा पाऊस आणि अर्धं बर्फ. गालांवर वाळू फेकल्यासारखं लागत होतं. दोघांनी टोप्या ओढून घेतल्या, आणि त्यानंतर बोलणं संपलंच.

पहिल्या मैलावर एका पडक्या मेंढवाड्याच्या आडोशाला उभं राहून त्यांनी थर्मासमधला चहा प्यायला. नॉरिसनं उगाच काहीतरी विषय काढायचा म्हणून विचारलं, की आता पुढं काय करायचं ठरवलंयस. हिल्डानं कप दोन्ही हातांत धरला.

"झोपायचं," ती म्हणाली. "नॉरिस, मला ना, दुसरं काही नकोच आहे. अजूनही मी तीन वाजता उठते. तिला वळवायला. उठून त्या खोलीत जाते, आणि मग आठवतं."

नॉरिसनं थर्मासला झाकण लावलं. हिल्डा पुढं निघाली.

ती दमलेली होती, पण डोंगरातलीच. तिचा पाय वाटेला ओळखत होता. नॉरिसची सगळी हयात स्टिअरिंगमागं बसून गेलेली. अर्ध्या तासात त्याच्या मांड्या भरून आल्या, नव्या बुटांनी टाचा सोलल्या, आणि दोघांमधलं अंतर वाढत गेलं. आधी वीस पावलं, मग पन्नास, मग तिचा निळा कोट धुक्यात कधी दिसायचा, कधी नाही. हाक मारून उपयोग नव्हता; वारा तोंडातला शब्द तोंडातच कोंबत होता.

बुटाची नाडी सुटली म्हणून तो गडग्याला टेकून वाकला. तेव्हा त्याला मागून पावलं ऐकू आली.

एकाची नव्हती. बरीच होती, जड होती आणि लंगडत पडत होती. बैलगाडीचं एक चाक वाकडं झालं की कशी चालते, तशी. आणि वाऱ्याबरोबर वास आला. ओल्या लोकरीचा, चरबीच्या मेणबत्तीचा, आणि नुकत्याच रंधलेल्या लाकडाचा.

धुक्यातून तीन माणसं आली. डोक्यावरून पाठीवर गोणपाट घेतलेली, माना खाली. त्यांच्या खांद्यावर दोन लांब दांडे होते आणि दांड्यांवर मेणकापडानं झाकलेलं काहीतरी आडवं. पुढं दोघं, मागं एकटाच. मागच्यानं एक दांडा खांद्यावर घेतला होता आणि दुसऱ्याला दोर बांधून तो गळ्यात अडकवला होता. त्यामुळं सगळंच एका बाजूला कलत होतं.

नॉरिसच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की वर माथ्यावर कोणीतरी पडलं. असल्या हवेत जातात वेडे लोक, आणि मग बचावपथकाची माणसं जिवावर उदार होऊन त्यांना खाली आणतात. दर हिवाळ्यात हे होतंच. तो वाटेतून बाजूला झाला. मागचा माणूस त्याच्यासमोर थांबला. चेहरा गोणपाटाच्या सावलीत होता. दाढीतून पाणी गळत होतं.

"खांदा देतोस का, गड्या?" तो म्हणाला. "एक कमी आहे."

आवाजात अजिजी नव्हती की हुकूमही नव्हता. दिवसभर राबलेल्या माणसाचा आवाज होता. असं विचारल्यावर नाही म्हणणारं माणूस त्या भागात जन्मलेलं नाही. नॉरिसनं पाठीवरची पिशवी पुढं घेतली, दोर सोडवला आणि दांड्याखाली डावा खांदा घातला.

ओझं हलकं होतं. इतकं, की त्याला आश्चर्य वाटलं. चौघांची पावलं जुळली, आणि ते निघाले.

थोडं चालल्यावर त्यानं शेजारच्याला विचारलं, वर अपघात झाला का. तो नाही म्हणाला. मग आजारी आहे का कोणी. नाही. नॉरिसनं मान वळवून मेणकापडाकडं बघितलं. वाऱ्यानं त्याचा एक कोपरा उचलला होता आणि खाली पिवळंधमक कोरं लाकूड दिसत होतं. फळ्या. पेटी होती ती.

"मग कोणाला नेताय?" त्यानं विचारलं.

"ते अजून ठरलं नाही."

नॉरिसला वाटलं, वाऱ्यात आपण चुकीचं ऐकलं. तो पुढं काही विचारणार, तेवढ्यात पुढच्या दोघांपैकी एकजण मागं न बघता बोलला, अगदी सहज, बाजारातल्या भावाबद्दल बोलावं तसं.

"विसाव्यावर टेकवू. तिथं जो असेल, त्याची."

धुकं जरासं फाटलं आणि नॉरिसला समोर विसाव्याचा दगड दिसला. त्यावर हिल्डा बसली होती.

ती त्याची वाट बघत बसली असणार. गुडघे जवळ घेतले होते, हात बाह्यांत खुपसले होते आणि डोकं गुडघ्यांवर टेकलं होतं. पाऊस तिच्या पाठीवर कोसळत होता, आणि ती हलत नव्हती. तिला झोप लागली होती. नऊ वर्षांची झोप तिला नेमकी त्या दगडावर येऊन गाठत होती.

त्या क्षणी दांडा जड झाला. हळूहळू नाही, कोणीतरी पेटीत उतरून आडवं व्हावं, तसा. नॉरिसचा गुडघा वाकला. खांदा काढून घ्यावा, पळत जाऊन तिला उठवावं, असं त्याला वाटलं. पण त्याला हेही कळत होतं, की आपण खांदा काढला तर ही पेटी इथंच खाली येणार, आणि हिल्डा इथून चार पावलांवर आहे.

पुढचे दोघं दगडापाशी थांबले. त्यांनी गुडघे वाकवायला सुरुवात केली.

"थांबा," नॉरिस म्हणाला. "इथं नको... पुढं नेऊ. चर्चपाशी नेऊ."

वारा जरा पडल्यासारखा वाटला. मग शेजारचा म्हणाला, "तीन मैल आहेत. आमचं काय, आम्ही कायमचेच. तुझ्यानं होईल?"

"होईल."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला. पण त्यात कुचेष्टा नव्हती. पुढच्या दोघांनी गुडघे सरळ केले.

दगडाशेजारून जाताना हिल्डाचा चेहरा नॉरिसच्या कोपरापासून हातभर अंतरावर होता. ओठ निळे पडले होते. तो आयुष्यात कधी कोणावर ओरडला नव्हता तसा तिच्यावर ओरडला. म्हणाला, ऊठ, चालायला लाग, माझ्या मागून ये पण जवळ येऊ नकोस, आणि बसू नकोस, कुठंही बसू नकोस. ती दचकून उठली. तिनं काहीतरी विचारलं. त्याला थांबता येत नव्हतं. तो पुढं गेला.

ते तीन मैल कसे गेले, हे त्याला नंतर नीट सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं, की दर शंभर पावलांना ओझं वाढत होतं. मानेपासून कमरेपर्यंत एक दोरी ओढल्यासारखी ताठली होती. बुटात रक्त की पाणी, कळत नव्हतं. ओढ्यावरच्या लाकडी पुलावर फळ्या करकरल्या, चौघांच्या वजनानं करकरतात तशा. पुढं चढ आला. खरं तर तो चढ म्हणण्यासारखाही नाही, पोरं खेळत चढतात. तिथं त्याला वाटलं, आता संपलं. त्यानं शेजारच्याला विचारलं, क्षणभर टेकवलं तर. तो माणूस म्हणाला, टेकव की, तुझी ती मागून येतेच आहे.

नॉरिसनं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर पावलं चुकली असती. तो नुसता मोजत राहिला, एक-दोन, एक-दोन, आणि मधेच त्याच्या मनात आलं, की हिल्डानं आईला असंच उचललं असेल. रोज. कोणी कधी विचारलं नाही, तुझ्यानं होईल का म्हणून.

मिअरथ्वेटचं चर्च गावाच्या थोडं बाहेर आहे. वाट जिथं कुंपणाच्या भिंतीला भिडते तिथं फाटकाबाहेर, उघड्यावर, एक लांब पाटीचा दगड जमिनीत बसवलाय. पाद्री येईपर्यंत ओझं त्यावर ठेवायचे. साडेतीन वाजले असतील, पण उजेड राखेसारखा झाला होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. चौघांनी पेटी त्या दगडावर टेकवली. ठेवताना जराही आवाज झाला नाही.

नॉरिस भिंतीला धरून उभा राहिला. छाती भात्यासारखी चालली होती. तिघांनी इकडंतिकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं.

"इथं कोणी नाही," पुढचा म्हणाला.

"मी आहे ना," नॉरिस म्हणाला. तो हे शूर म्हणून बोलला नव्हता. त्याला इतकं दमायला झालं होतं, की त्या मेणकापडाखाली आडवं व्हायचं या कल्पनेत त्याला फारसं वाईट दिसेना.

"तू खांदा दिलास," शेजारचा म्हणाला. "खांदा देणाऱ्याची नसते."

"मग कोणाची?"

"थांबेल इथंच." त्यानं गोणपाट डोक्यावर सारखं केलं. "कोणीतरी येतंच."

ते आले त्याच वाटेनं परत गेले. आता त्यांची पावलं वाजत नव्हती. त्याच वाटेवरून, त्याच धुक्यातून हिल्डा येत होती. ते तिच्या अंगावरून गेले असणार, पण तिनं मान वर केली नाही.

नॉरिस धावला. त्या पायांनी तो कसा धावला देव जाणे. फाटकाच्या वीस पावलं अलीकडं त्यानं तिला धरलं आणि फरफटत भिंतीच्या फटीतून मेंढ्यांच्या कुरणात ओढलं. घोटाभर चिखलातून, लांबचा वळसा घालून, तिला गावात नेलं. हिल्डा संतापली होती. वेड लागलंय का तुला, रस्ता समोर असताना, असं ती म्हणत होती. पण तिचे दात वाजत होते आणि त्याच्या हाताची पकड सुटत नव्हती.

गावातल्या पबमध्ये शेकोटीपाशी बसल्यावर, मटणाचा रस्सा आणि पाव पोटात गेल्यावर, ती जरा शांत झाली. रस्त्यावर झाड पडल्यामुळं बस येणार नाही असं कोणीतरी येऊन सांगून गेलं. मालकिणीनं वर दोन खोल्या उघडून दिल्या. हिल्डा विस्तवाकडं बघत होती.

"तीन मैल तू एकदासुद्धा मागं वळून बघितलं नाहीस," ती म्हणाली. "मी हाका मारत होते."

"ऐकू आल्या नाहीत."

"तू असा वाकडा का चालत होतास? डावा खांदा पार खाली. हात असा वर धरलेला..." तिनं आपला हात खांद्याशी धरून दाखवला आणि स्वतःच पटकन खाली घेतला. "मला वाटलं, तुला झटका आला. मी मनात म्हटलं, आता ह्यालाही मीच उचलायचं."

नॉरिस हसला. मग त्याला हसता येईना. तो म्हणाला, की मी आता शहरात परत जाणार नाही. तुझी हरकत नसेल तर इथंच राहीन. हिल्डानं विस्तवात एक लाकूड सारलं. मग म्हणाली, आईच्या खोलीतली खिडकी नीट लागत नाही, तेवढी दुरुस्त करून घे. त्या रात्री ती तीन वाजता उठली नाही. सकाळी नऊपर्यंत झोपली.

ती झोपलेली असताना नॉरिस चर्चकडं गेला. पाऊस थांबला नव्हता. आयझॅक मौन्सी, चर्चची झाडलोट करणारा आणि कबरी खणणारा म्हातारा, फाटकाबाहेर फावडं टेकवून उभा होता आणि पाटीच्या दगडाकडं बघत होता. दगडाच्या कडांवरून पाण्याचे ओघळ वाहत होते. मधोमध मात्र एक लांबट, अरुंद पट्टा कोरडा ठणठणीत होता. वर छप्पर नाही, झाड नाही. पाऊस त्यावर पडताना दिसत होता आणि खाली पोचत नव्हता.

"कालपासून असंच आहे," आयझॅक म्हणाला. "मी बादली ओतून बघितली. दोन्हीकडं फुटून जातं." तो जरा वाट बघत राहिला, की शहरातला माणूस आहे, काहीतरी कारण सांगेल. नॉरिसनं त्याला एवढंच सांगितलं, की त्यावर कोणाला बसू देऊ नका. आयझॅकनं त्याच्याकडं निरखून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी दगडाभोवती चार खुंट ठोकून तार बांधली. लोकांना सांगितलं, दगड खचलाय.

नॉरिस दर रविवारी हिल्डाबरोबर बसनं मिअरथ्वेटला यायचा. तिला मागच्या फाटकानं आत न्यायचा. सांगायचा, पुढं फार निसरडं आहे. प्रार्थना संपली की एकटा पुढं येऊन बघून जायचा. फेब्रुवारीत बर्फ पडलं, भिंती बुडाल्या, कबरींवरचे क्रूस बुडाले. दगडावर बर्फाचा एवढा थर साचला, आणि त्यात ती लांबट जागा तेवढी उघडी. हिल्डा आता बरी दिसत होती. गालांवर रंग आला होता, त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होती. दोन्ही खोऱ्यांत त्या हिवाळ्यात कोणी गेलं नाही. म्हातारी माणसंसुद्धा टिकून राहिली. लोक म्हणत, यंदाचं वर्ष चांगलं दिसतंय.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, हिल्डाला जरा सर्दी होती म्हणून ती घरीच राहिली आणि नॉरिस एकटा सामान आणायला मिअरथ्वेटला गेला. बारीक पाऊस होता. बसमधून उतरून तो सवयीनं चर्चकडं वळला.

आयझॅक तारेचं भेंडोळं करत होता. खुंट उपटून भिंतीला लावून ठेवले होते.

"भिजला बघ एकदाचा," तो समाधानानं म्हणाला आणि दगडावरून हात फिरवून ओला तळवा दाखवला. "सकाळी आलो तर सगळा सारखा ओला."

नॉरिसनं बघितलं. दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा, चकचकीत, ओलाचिंब होता. पाऊस त्यावर टपटप पडत होता, कुठल्याही दगडावर पडतो तसा.

त्यानं सामानाची पिशवी खाली ठेवली. चर्चच्या त्या उंचवट्यावरून मिअरथ्वेटची सगळी घरं दिसतात. तो एकेका धुराड्याकडं बघत गेला. पाद्र्याचं घर, पब, शाळा, गिरणीवाल्याचं घर, ओढ्याकडेची ती तीन घरं. सगळ्या धुराड्यांतून धूर निघत होता. एकही थंड नव्हतं.

त्यांचं घर डोंगराच्या पलीकडं होतं. ते तिथून दिसत नव्हतं.